५एफ१ ट्यूब अ‍ॅम्पचं किट, ठाण्यात घरी जोडलेलं: साडेचार महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

डिसेंबरात मागवलं, जानेवारीत हातात आलं, मार्चमध्ये पहिल्यांदा नीट वाजलं आणि आता श्रावण लागलाय, म्हणजे ठाण्याचा अर्धा पावसाळा या अ‍ॅम्पने माझ्या घरात काढलाय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. किट आहे फेंडर या अमेरिकन गिटार कंपनीच्या ५एफ१ सर्किटचं, म्हणजे १९५० च्या दशकातला तो ट्वीड कापडात मढवलेला छोटा गिटार अ‍ॅम्प, ट्वीड चॅम्प. ट्यूब म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधी असायचे ते काचेचे व्हॉल्व्ह. किट फेंडर कंपनीचं नाही, सर्किट तेवढं त्यांचं, किट परदेशातल्या एका छोट्या कंपनीचं. तिचं नाव देत नाहीये, खाली तक्रारीही आहेत, आणि तसंही हेच सर्किट किट करून विकणारे बरेच जण आहेत, जे लिहितेय ते बहुतेक सगळ्यांना लागू पडेल.

पैशाचं आधी सांगून टाकते, कारण सगळे तेच पहिलं विचारतात. किट आणि कुरिअर मिळून ३८ हजार, त्यावर कस्टम ड्युटी ११ हजार, ८ इंची स्पीकर साडेचार हजार, कॅबिनेट इथेच बनवून घेतलं त्याचे सुतार आणि लाकूड मिळून ५,२००, शिवाय मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराच्या, म्हणजे लॅमिंग्टन रोडच्या, दोन फेऱ्यांत हजारभराचं किरकोळ सामान. साठ हजारांच्या आसपास गेले. या पैशात दुकानातून मस्त डिजिटल अ‍ॅम्प येतो, त्यात वीस अ‍ॅम्पचे आवाज, इफेक्ट, हेडफोनचं भोक, सगळं असतं. ज्यांना फक्त वाजवायचंय त्यांनी तोच घ्यावा, मी मनापासून सांगतेय. हे किट त्यांच्यासाठी आहे ज्यांना आवाज कुठून येतो ते बघायचंय.

आणि ते इथे खरंच बघता येतं. अख्ख्या सर्किटमध्ये तीन ट्यूब, दोन ट्रान्सफॉर्मर, बारा रेझिस्टर, सात कपॅसिटर. बस. एकच नॉब, तो व्हॉल्यूमचा. टोन नाही, रिव्हर्ब नाही, मायक्रोप्रोसेसर तर नाहीच. एका कागदावर हाताने काढता येईल एवढं सर्किट, आणि मी खरंच काढलं, चार-पाच वेळा, तोंडपाठ होईपर्यंत.

बॉक्स उघडल्यावर पहिलं काय आवडलं तर ट्रान्सफॉर्मर. पॉवर ट्रान्सफॉर्मर चांगला जड, लॅमिनेशन घट्ट, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रायमरीला, म्हणजे मेनची वीज शिरते त्या बाजूला, १२०, २३० आणि २४० व्होल्ट असे तीन टॅप. हे मागवण्याआधी विचारून घ्याच. फक्त १२० व्होल्टचा आला तर स्टेपडाऊन लावावा लागतो, आणि जो ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झसाठीच बांधलाय तो आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो, कारण कोअर लवकर सॅच्युरेट होतो. चासी, म्हणजे सगळं ज्यावर बसतं तो पत्र्याचा खोका, स्टीलची, वरून क्रोम, भोकं बहुतेक पाडलेली, फक्त मागे मेन कॉर्डच्या सॉकेटचा चौकोन नव्हता, ते वागळे इस्टेटला एका शीट मेटलवाल्याने दहा मिनिटांत कापून कडाही घासून दिल्या, शंभर रुपये घेतले. ट्यूब तीन: प्रीअ‍ॅम्पला १२एएक्स७ (गिटारचा बारीक सिग्नल मोठा करायला), पॉवरला ६व्ही६ (स्पीकर हलवायला), रेक्टिफायर ५वाय३ (एसीचं डीसी करायला). तिन्ही नव्या, तिन्ही चालल्या, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

आता जे आवडलं नाही ते. बोर्ड दिलाय तो काळ्या फायबरचा, आयलेटवाला, जुन्या अ‍ॅम्पमध्ये असायचा तसाच, आणि रेझिस्टर दिलेत ते कार्बन कॉम्पोझिशनचे, तेही जुन्यासारखे. फोटोत फार सुंदर दिसतं. पण तो फायबर ओल धरतो आणि ओल धरली की त्यातून थोडा थोडा करंट इकडचा तिकडे झिरपायला लागतो, साडेतीनशे व्होल्टच्या सर्किटमध्ये ते अजिबात परवडत नाही, आणि कार्बन कॉम्पची व्हॅल्यू दमट हवेत हळूहळू सरकते. कोरड्या हवेच्या ठिकाणी ठीक असेल. आमच्या नौपाड्यात जुलैमध्ये कपाटातल्या चपलांना बुरशी येते हो. म्हणून मी बोर्ड वापरलाच नाही. लॅमिंग्टन रोडवरून ग्लास इपॉक्सीची तीन मिलिमीटरची शीट आणली, दिलेल्या बोर्डावरून खुणा करून भोकं पाडली, टरेट, म्हणजे तारा डाग द्यायचे छोटे खुंट, ठोकले. रेझिस्टर साधे कार्बन फिल्मचे घेतले, एक-दोन रुपयाला एक, १२एएक्स७च्या प्लेटचे (जिथून मोठा झालेला सिग्नल बाहेर पडतो) दोन १०० के, म्हणजे एक लाख ओहमचे, तेवढे मेटल फिल्म, कारण आवाजातली सगळ्यात जास्त सर्र इथेच तयार होते.

लॅमिंग्टन रोडबद्दल एवढंच, की शनिवारी सकाळी जा, रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. ठाण्याहून दादर, तिथून वेस्टर्नने ग्रँट रोड, स्टेशनपासून चालत. साडेचारशे व्होल्टचा कपॅसिटर मागितला की काउंटरवरचा माणूस एकदा वर बघतो आणि विचारतो कशाला हवाय, ट्यूब अ‍ॅम्प म्हटलं की आतून जुन्या कोणाला तरी हाक मारतो. मला एका दुकानात असेच एक गृहस्थ भेटले, त्यांनी कपॅसिटर देताना वरचा तारखेचा कोड वाचून दाखवला, हा जुना स्टॉक नको, हा घ्या. अशी दुकानं अजून आहेत हे बघून फार बरं वाटलं.

मॅन्युअल. ही माझी सगळ्यात मोठी तक्रार. चाळीस पानांचं रंगीत पुस्तक, छान फोटो, आणि सगळं असं की, लाल तार इथे लावा, पिवळी तिथे लावा. का लावा ते एका ओळीत पण नाही. त्यात दोन फोटो जुन्या मॉडेलचे राहिलेत, त्यातल्या चासीची भोकंच वेगळी आहेत. मी पहिले दोन दिवस फोटो बघून तारा कापत बसले आणि तिसऱ्या दिवशी पुस्तक बाजूला ठेवून फक्त सर्किट डायग्राम समोर घेतला, तिथून पुढे काम सुरळीत झालं. ज्याला डायग्राम वाचता येत नाही त्याने आधी दोन आठवडे ते शिकावं, मगच इस्त्री गरम करावी. इस्त्री म्हणजे सोल्डरिंगची, आमच्या खालच्या मजल्यावरचे काका तिला इस्त्रीच म्हणतात आणि सोल्डर करण्याला डाग देणं, त्यांच्या नादाने मीही तसंच म्हणायला लागलेय.

काकांबद्दल लिहायलाच हवं, कारण त्यांच्याशिवाय हा रिव्ह्यू अर्धाच राहिला असता. वय ७६, जांभळी नाक्याजवळ त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं छोटं दुकान होतं, व्हॉल्व्हच्या रेडिओंच्या काळापासून. मी जिन्यात ६व्ही६चा बॉक्स हातात घेऊन चालले होते तर थांबवून म्हणाले, "अगं, हा व्हॉल्व्ह तुझ्याकडे कसा?" संध्याकाळी वर आले, डायग्राम हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवून कागद डोळ्यांजवळ नेला आणि दोन मिनिटांत म्हणाले, "हा तर रेडिओचा शेवटचा भाग आहे. पुढचं स्टेशन पकडायचं सगळं काढून टाकलंय नि तिथे तुझी गिटार लावलीय."

मी ते नंतर बराच वेळ डोक्यात घोळवत होते, कारण ते अगदी शब्दशः खरं आहे. लिओ फेंडरने १९३८ मध्ये कॅलिफोर्नियात फुलर्टनला दुकान काढलं ते रेडिओ दुरुस्तीचंच. ६व्ही६ ही ट्यूब १९३६ ची, गिटारसाठी कोणी बनवलेली नाही, घरातल्या रेडिओच्या स्पीकरला पुरेल एवढी ताकद द्यायला बनवलेली. म्हणजे हा जो आवाज आपण सगळे शोधत असतो तो मुळात एका रेडिओ मेकॅनिकच्या टेबलावरचा आहे, आणि माझ्या बिल्डिंगमध्ये त्याच कामातला माणूस राहतो हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं.

सर्किट काय करतं ते थोडक्यात सांगते, कारण मॅन्युअलने नाही सांगितलं. १२एएक्स७च्या एका काचेत दोन ट्यूब असतात, दोन ट्रायोड. गिटारचा सिग्नल पहिल्या अर्ध्यात जातो, तिथे पन्नास-साठ पट मोठा होतो, मग व्हॉल्यूमच्या नॉबमधून दुसऱ्या अर्ध्यात, तिथे परत मोठा होतो, मग ६व्ही६ मध्ये, आणि ती आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून स्पीकर हलवते. जवळपास पाच वॅट. आणि स्पीकरवरून २२ केचा एक रेझिस्टर उलटा मागे येऊन १२एएक्स७च्या दुसऱ्या अर्ध्याच्या कॅथोडला, म्हणजे इलेक्ट्रॉन जिथून निघतात त्या टोकाला, मिळतो, त्याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात, त्याने आवाज जरा आवरलेला आणि स्वच्छ राहतो. हा रेझिस्टर लक्षात ठेवा.

जोडायला मला सहा शनिवार-रविवार लागले. डाग देणं अवघड नाही, २५ वॅटची सोल्ड्रॉन आणि साठ-चाळीसचं सोल्डर पुरतं, फक्त चासीवर ग्राउंडचा डाग द्यायचा असेल तर २५ वॅटने स्टील तापतच नाही, तिथे मी डाग न देता नटबोल्टने लग घट्ट केला, दातेरी वॉशर घालून. वेळ लागतो तो हीटरच्या, म्हणजे ट्यूब आतून तापवणाऱ्या, तारांना. त्यातून एसी वाहतो म्हणून त्या एकमेकींना घट्ट पीळ घालून, चासीच्या कोपऱ्यातून, बाकीच्या तारांपासून दूर न्यायच्या. पीळ सैल राहिला तर विजेची घूं तुमच्या प्रत्येक सुराखाली ऐकू येते.

पहिल्यांदा चालू करताना प्लीज सिरीज बल्ब वापरा, म्हणजे अ‍ॅम्पची वीज एका बल्बमधून जाऊ द्या. इलेक्ट्रिशियन लोकांकडे असतो तसा लाकडी बोर्ड, एक होल्डर, एक सॉकेट, त्यात ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब, एलईडी नाही चालत. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि तुमचा ट्रान्सफॉर्मर वाचतो. आधी एकही ट्यूब न लावता, मग सगळ्या ट्यूब लावून पण स्पीकर जोडूनच, स्पीकरशिवाय ट्यूब अ‍ॅम्प कधीही चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. आणि आतमध्ये साडेतीनशे व्होल्टच्या वर डीसी आहे, बंद केल्यावर, प्लग काढल्यावरसुद्धा कपॅसिटरमध्ये तो राहतो. यात जीव जाऊ शकतो, हे अतिशयोक्ती करून सांगत नाहीये. किटमध्ये ब्लीडर रेझिस्टर नव्हता, जो असायलाच हवा होता, मी २२० केचा तीन वॅटचा पहिल्या फिल्टर कपॅसिटरवर लावला, त्याने अर्ध्या-पाऊण मिनिटात सगळं रिकामं होतं, तरी प्रत्येक वेळी मीटर लावून शून्य बघूनच हात घालते, आणि डावा हात खिशात. काकांनी पहिल्या दिवशी हाच नियम सांगितला, चालू सेटमध्ये एकच हात. आणखी एक, अर्थिंग. आमची बिल्डिंग जुनी आहे, हॉलमधल्या ज्या सॉकेटवर मी अ‍ॅम्प लावणार होते त्याला तिसऱ्या भोकात तारच नव्हती. इलेक्ट्रिशियन बोलावून ती ओढून घेतली, मगच पुढे गेले. गिटारची तार म्हणजे थेट चासी आणि चासी म्हणजे अर्थ, ते नसेल तर सगळा भरवसा नशिबावर.

तर चालू केल्यावर काय झालं. बल्ब क्षणभर उजळला, मंद झाला, ट्यूब केशरी झाल्या, स्पीकर जोडलेलाच होता आणि साधारण पंधरा सेकंदांनी अशी शिट्टी सुरू झाली की समोरच्या बिल्डिंगमधली खिडकी उघडली. कर्कश, पूर्ण ताकदीने, आणि व्हॉल्यूम शून्यावर. बंद केलं. तारा सगळ्या परत तपासल्या, डाग परत दिले, दोन तास गेले, परत तीच शिट्टी. मॅन्युअलमध्ये शेवटच्या पानावर लिहिलंय की आवाज आला तर तारा तपासा. संपलं.

काकांना बोलावलं. त्यांनी अ‍ॅम्पला हातही लावला नाही आधी, फक्त विचारलं, "व्हॉल्यूम कमी केल्यावर शिट्टी कमी होते का गं?" नाही म्हटलं. "मग बिघाड व्हॉल्यूमच्या पुढे आहे, मागे बघूच नकोस. पुढे काय काय आहे?" मी म्हटलं दुसरा ट्रायोड, ६व्ही६, ट्रान्सफॉर्मर, आणि तो २२ के. "त्याचं एक टोक सोड." सोडलं, चालू केलं, शिट्टी गायब. एकदम शांत. ते हसले आणि म्हणाले आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या दोन तारा उलट लाव, निळीच्या जागी तपकिरी. लावल्या, २२ के परत जोडला, आणि अ‍ॅम्प वाजायला लागला.

म्हणजे झालं होतं असं, की कंपनीने मॅन्युअलप्रमाणे रंग सांगितले पण पाठवलेल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये वाइंडिंगची दिशा उलटी होती. निगेटिव्ह फीडबॅकचा झाला पॉझिटिव्ह, अ‍ॅम्प स्वतःचाच आवाज परत परत स्वतःला ऐकवत बसला. कंपनीला मेल केला, चार दिवसांनी उत्तर आलं, हो कधीकधी असं होतं, तारा उलट करा. मग हे पुस्तकात एक ओळ लिहायला काय हरकत होती? ऐंशी टक्के नवशिक्यांनी किट इथेच बंद करून माळ्यावर टाकलं असतं. ही खरी उणीव आहे आणि मी यासाठी त्यांना माफ करायला तयार नाही, बाकी सामान कितीही चांगलं असो.

शिट्टी गेल्यावर घूं ऐकू यायला लागली, बारीक पण होती. इथे मला एक गोष्ट कळली ती सगळ्यांना उपयोगी पडेल म्हणून सांगते. आपली वीज ५० हर्ट्झची. हीटरमधून किंवा मेनमधून घूं शिरत असेल तर ती ५० ची असते, फिल्टर कपॅसिटरमधून शिरत असेल तर रेक्टिफायरनंतरची, म्हणजे १०० ची. आता गिटारच्या सहाव्या तारेवर तिसरा पडदा दाबा, तो जी म्हणजे ९८ हर्ट्झ, जवळजवळ १००. घूं त्या सुराशी जुळली तर कपॅसिटर बघा, त्याच्या एक सप्तक खाली असली तर हीटर. मीटर नको, ऑसिलोस्कोप नको. अमेरिकन पुस्तकांत हे मिळणार नाही, त्यांच्याकडे ६० आणि १२० असतात, तो सूर या पडद्यावर नाहीच. माझी खालची होती. जुन्या सर्किटमध्ये हीटरची एक बाजू सरळ चासीला जोडलेली असते, किटनेही तेच कॉपी केलंय. ती काढून दोन्ही बाजूंना १०० ओहमचा एक-एक रेझिस्टर ग्राउंडला लावला, घूं इतकी उतरली की पंखा चालू असताना ऐकूच येत नाही.

मग व्होल्टेज. माझ्याकडे भिंतीवर रात्री २४३ भरतात. पुस्तक म्हणतं २३० चा टॅप वापरा, वापरला तर हीटरवर ६.३ च्या जागी ६.७ आणि ६व्ही६च्या प्लेटवर ३६८. गणित केलं तर ट्यूब पावणेपंधरा वॅटच्या आसपास जळत होती, जुन्या डेटाशीटमध्ये तिची मर्यादा १२ लिहिलेली. आता बनणाऱ्या काही ५वाय३ जुन्यांइतकं व्होल्टेज खाली पाडत नाहीत, त्याचीही यात भर पडते. २४० च्या टॅपवर गेले तेव्हा ३५३ झाले, मग ६व्ही६च्या कॅथोडचा ४७० ओहमचा रेझिस्टर काढून ५६० ओहम घातला, आता साधारण साडेबारा वॅट, मर्यादेच्या किंचित वर, पण ट्यूब आनंदात आहे. पुण्यात किंवा कल्याणला तुमचा आकडा वेगळा येईल, पण मोजा, आंधळेपणाने २३० चा टॅप लावू नका. फ्यूज पण बघा, सोबत आला होता तो २ अँपचा, अमेरिकन १२० व्होल्टसाठीचा, आपल्याकडे १ अँपचा स्लो ब्लो.

कॅबिनेट मागवलं नाही ते बरंच केलं, नुसतं कुरिअरच पंधरा हजारांचं झालं असतं. कोलबाडजवळ एका वखारीतून पाइनच्या फळ्या घेतल्या, सुताराला जुन्या अ‍ॅम्पचा फोटो दाखवला, त्याने कोपऱ्यांना बोटांसारखे सांधे काढून इतकं घट्ट बसवलं की खिळा एकही नाही. ट्वीडचं कापड नाही लावलं, लाखेचं पॉलिश केलं, तेही एप्रिलमध्ये, कारण पावसात लाख मारली की पांढरट होते. पाइन हलकं असतं आणि स्वतः थोडं वाजतं, ते या अ‍ॅम्पला हवंच असतं.

आवाज. व्हॉल्यूम चारपर्यंत स्वच्छ, पण डिजिटलसारखा काचेचा स्वच्छ नाही, प्रत्येक सुराला थोडं अंग असतं. पाचच्या पुढे जोरात छेडलं तर फाटतो, हळू छेडलं तर नाही, म्हणजे उजव्या हातानेच सगळं ठरतं. सातच्या पुढे गाणं सुरू होतं. तार छेडल्यावर आधी सूर क्षणभर दबतो आणि मग फुलतो. गिटारवरचा व्हॉल्यूम कमी केला की लगेच परत स्वच्छ. माझ्याकडे तीन सिंगल कॉइल पिकअपची (पिकअप म्हणजे तारेचं थरथरणं पकडणारं चुंबक आणि कॉइल) गिटार आहे, तिच्याशी याचं लग्नच झालंय. भावाची हंबकरवाली, म्हणजे दोन-दोन कॉइलच्या पिकअपची, लावली तर नेकजवळच्या पिकअपवर बेस भसाभसा होतो, ८ इंची स्पीकरला तो पेलत नाही. पहिल्या कॅथोडवरचा २५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढून १ चा घातला तर बराच आवरला, पण मग सिंगल कॉइल बारीक वाटायला लागली, म्हणून परत २५ वर आले. ही ढवळाढवळ करता येते, दहा रुपयांत, पाच मिनिटांत, आणि काय बदललं ते कानाला लगेच कळतं. मला या किटमध्ये सगळ्यात मोलाचं हेच वाटतं.

एकदा वाशीला मित्राच्या जॅमरूममध्ये याच अ‍ॅम्पला १२ इंचीचं कॅबिनेट जोडलं, ट्रान्सफॉर्मरला ८ ओहमचा टॅप होता म्हणून. सगळे गप्प झाले. पाच वॅट आहेत यावर कोणाचा विश्वास बसेना. आणि इथेच फ्लॅटवाल्यांना सावध करते, पाच वॅट म्हणजे हळू असं अजिबात नाही. टू बीएचकेमध्ये सातवर वाजवणं शक्य नाही, मी सकाळी अकरा ते एकच्या दरम्यान वाजवते, शेजारच्या आजींना विचारून, त्या म्हणाल्या दुपारी झोपायच्या आधी आटप. ज्यांना रात्री वाजवायचंय त्यांनी दुसरं काही बघा.

पावसाळ्याचं सांगायचं राहिलं. जूनमध्ये आठवडाभर बाहेरगावी होते, परत आल्यावर पहिली दहा मिनिटं जॅकमध्ये खरखर, साफ केल्यावर गेली. बोर्डमधून काहीही नाही. ट्यूब तापल्या की कॅबिनेटच्या आतली हवा आपोआप कोरडी होते, म्हणून आता एक दिवसाआड अर्धा तास चालू करतेच, वाजवायला वेळ नसला तरी.

ट्यूब पुढे मिळतील का हा प्रश्न रास्त आहे. २०२२ मध्ये रशियाने निर्यात अडवली तेव्हा सगळीकडे किमती चढल्या होत्या, कारण ट्यूब बनवणारे कारखाने आता जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच, मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया, चीन. मी एक जादा ६व्ही६ आणि एक १२एएक्स७ घेऊन ठेवलीय, तुम्हीही किटबरोबरच घ्या, कुरिअर एकदाच पडतं. एकेकाळी आपल्याकडेही बनायच्या, बेंगळुरूला भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये, म्हणजे बीईएलमध्ये. काकांनी मागच्या रविवारी पत्र्याचा बिस्किटांचा डबा वर आणला, आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या अकरा ट्यूब, त्यातल्या चार बीईएलच्या ईएल८४, न वापरलेल्या. माझ्या अ‍ॅम्पला त्या बसत नाहीत, ६व्ही६चं सॉकेट आठ पिनांचं आणि ईएल८४ नऊ पिनांची. मी तसं म्हटलं तर म्हणाले, "माहितीये. चासी दुसरी घे." परवा वागळे इस्टेटच्या त्याच शीट मेटलवाल्याकडे माप देऊन आलेय.